गरम समुद्रात चरबीची गोधडी

अनुकूलनाचा धडा चालू होता. फळ्यावर सीलचे चित्र होते. त्याच्या कातडीखाली खडूने एक जाड पट्टा ओढून ‘चरबीचा थर’ असे लिहिले होते. बर्फाळ प्रदेशात राहणाऱ्या सीलचे हा थर थंडीपासून रक्षण करतो, हे वाक्य आम्ही शिक्षकांनी आजवर इतक्या वेळा उच्चारले आहे की ते आता आपोआपच तोंडातून बाहेर पडते. शाळा खारदांड्याजवळची, आणि वर्गातली बरीच मुले दांड्याच्या कोळीवाड्यातली. मागच्या बाकावरचा एक मुलगा उठून म्हणाला, “सर, आमच्या किनाऱ्याला मेलेला डॉल्फिन लागला होता. कापला तेव्हा आत खोबऱ्यासारखा पांढरा थर होता. आमचं पाणी तर थंड नसतं. मग त्याला उकडत नाही का?”

तासाची घंटा झाली म्हणून आम्ही वाचलो. पण प्रश्न काही पाठ सोडेना. पाठ्यपुस्तकातले स्पष्टीकरण चुकीचे नाही, पण अर्धेच आहे, हे त्या मुलाने नेमके पकडले होते. जो प्राणी उष्ण रक्ताचा आहे, ज्याने अंगाभोवती चरबीची गोधडी गुंडाळली आहे आणि जी त्याला काढून ठेवता येत नाही, तो मे महिन्यातल्या मुंबईच्या समुद्रात करतो तरी काय?

सील आपल्या समुद्रात नाहीत. पण डॉल्फिन आहेत आणि तेही अगदी दारात. मुंबईच्या किनाऱ्यालगत मुख्यतः दोन जाती दिसतात. एक कुबड असलेला डॉल्फिन. याच्या पाठीवर उंचवटा असतो आणि त्या उंचवट्यावर पाठीचा पर उभा असतो. दुसरा प्राणी म्हणजे डॉल्फिनचा छोटा नातेवाईक, परविहीन पॉरपॉइज. त्याच्या पाठीवर पर नसतोच. दक्षिण कोकणातले मच्छीमार डॉल्फिनला ‘गादा’ म्हणतात. २०२० च्या टाळेबंदीत मुंबईसमोर डॉल्फिन दिसले तेव्हा शहराला नवल वाटले. पहाटे होडी काढणाऱ्यांना ते वाटण्याचे कारण नव्हते.

थर्माकोलची पेटी

प्रश्नाचा पहिला धागा आम्हाला कोळीवाड्यातच सापडला. मासळी विकणाऱ्या मावशींकडे थर्माकोलची पेटी असते. बाहेर तेहतीस अंश असताना आतला बर्फ दुपारपर्यंत टिकतो. याच पेटीत गरम चहाची किटली ठेवली तर चहाही बराच वेळ गरम राहील. पेटीला आत बर्फ आहे की चहा हे ठाऊक नसते. ती फक्त उष्णतेची ये-जा मंद करते, मग ती आतून बाहेर जाणारी असो की बाहेरून आत येणारी.

चरबीचेही तसेच. ‘चरबी ऊब देते’ असे आपण म्हणतो, पण ऊब देणारे असतात ते स्नायू, यकृत, हृदय, म्हणजे जिथे अन्नाचे ज्वलन चालते ते अवयव. चरबी ती ऊब नुसती अडवते.

हे वर्गात दाखवायला फार साहित्य लागत नाही. दोन सारख्या बाटल्या घ्या. एकीभोवती प्लास्टिकच्या पिशवीत भरलेल्या वनस्पती तुपाचा बोटभर जाड थर बसवा. दुसरीभोवती नुसती पिशवी. दोन्हींत सारखेच गरम पाणी भरा, नळाच्या पाण्याच्या बादलीत बुडवा आणि दर पाच मिनिटांनी तापमान लिहा. त्यानंतर हाच प्रयोग उलटा करा, म्हणजे बाटल्यांत बर्फाचे पाणी आणि बादलीत कोमट पाणी घ्या. दोन्ही वेळा तुपाच्या बाटलीचे तापमान सावकाश बदलेल. पहिलाच प्रयोग करून थांबू नये. तसे केले तर ‘चरबी म्हणजे ऊब’ हा गैरसमज आणखी घट्ट होतो.

आता दुसरा धागा. आपला समुद्र खरोखरच गरम आहे का? मुंबईजवळच्या पाण्याचे पृष्ठभागाचे तापमान वर्षभरात साधारण पंचवीस ते तीस अंशांच्या दरम्यान असते. हवेचे तापमान अठ्ठावीस अंश असेल तर आपण पंखा लावतो. पण पाणी अठ्ठावीस अंशांचे असेल आणि त्यात दोन तास डुंबत राहिलो तर दात वाजू लागतात. वर्गातल्या पोहणाऱ्या मुलांनी हे लगेच सांगितले. याचे कारण असे की पाण्याची उष्णतावाहकता हवेच्या सुमारे पंचवीसपट आहे. शिवाय ठरावीक आकारमानाचे पाणी एक अंशाने तापवायला तेवढ्याच हवेपेक्षा हजारो पट जास्त उष्णता लागते, त्यामुळे कातडीला लागलेले पाणी पटकन तापत नाही आणि उष्णता ओढत राहते. डॉल्फिनच्या शरीराचे तापमान आपल्यासारखेच, छत्तीस-सदतीस अंश. जन्मापासून मरेपर्यंत तो अठ्ठावीस अंशांच्या पाण्यात असतो. म्हणजे गोधडी अगदीच अनावश्यक नाही. पातळ हवी, एवढेच.

आणि ती पातळ असतेही. आर्क्टिक समुद्रातल्या बोहेड देवमाशाचा चरबीचा थर अर्ध्या मीटरच्या आसपास जाऊ शकतो, तर उष्ण किनाऱ्यांवरच्या लहान डॉल्फिनमध्ये तो एक-दोन सेंटिमीटरच असतो. अमेरिकेतील फ्लोरिडाच्या सारासोटा उपसागरात एकाच कळपाच्या डॉल्फिनचा १९७० पासून अभ्यास चालू आहे. तिथे उन्हाळ्यात पाणी तीस अंशांच्या वर जाते आणि हिवाळ्यात बरेच थंड होते. या डॉल्फिनचा चरबीचा थर हिवाळ्यात जाड आणि उन्हाळ्यात पातळ होतो, असे मोजमापांतून दिसले आहे. गोधडी काढता येत नसली तरी ऋतूप्रमाणे तिच्यातला कापूस कमी-जास्त होतो म्हणायचा.

पण हा बदल व्हायला आठवडे लागतात. डॉल्फिन मात्र माशांच्या थव्यामागे सुसाट पोहतो तेव्हा त्याचे अंग काही मिनिटांतच तापते. स्नायूंनी वापरलेल्या ऊर्जेपैकी पाव हिश्शाच्या आसपासच प्रत्यक्ष हालचालीच्या कामी येते, उरलेल्या सगळ्याची उष्णता होते. पोहताना आपल्याला घाम येतो. डॉल्फिनला घर्मग्रंथी नाहीत, आणि असत्या तरी पाण्यात घाम वाळणार कसा? कुत्र्यासारखे जीभ काढून धापा टाकणेही त्याला शक्य नाही, कारण त्याला श्वास रोखून बुडी मारायची असते. मग ही उष्णता जाते कुठून?

भिंत आणि खिडक्या

घराची भिंत जाड असली तरी चालते, फक्त खिडक्या हव्यात. डॉल्फिनच्या खिडक्या म्हणजे त्याचे पर: पाठीवरचा उभा पर, वल्ह्यासारखे पुढचे दोन आणि शेपटीची दोन आडवी पाती. यांच्यावर चरबीचे आवरण जवळजवळ नसते. ते चपटे असतात, म्हणजे आकारमान थोडे आणि पृष्ठभाग भरपूर. आणि त्यांत रक्तवाहिन्यांचे दाट जाळे असते.

मात्र नेहमी सताड उघडी असलेली खिडकी काय कामाची? थंड पाण्यात तिच्यातून सगळी उष्णता निघून जाईल. या खिडकीला झडप आहे, आणि ती रक्तवाहिन्यांच्या रचनेत आहे. १९५५ मध्ये शोलांडर आणि शेव्हिल या दोघा शास्त्रज्ञांनी देवमासे व डॉल्फिन यांच्या परांतील रक्तवाहिन्यांचे वर्णन प्रसिद्ध केले. त्यांना असे दिसले की परात शिरणारी प्रत्येक मोठी रोहिणी एकटी जात नाही. बारीक नीलांचे कडेच तिला चहूबाजूंनी वेढून असते. आडवा छेद घेतला तर मधे एक मोठे भोक आणि भोवती लहान भोकांची माळ.

या माळेचा उपयोग समजण्यासाठी थोडे अंकगणित करू. समजा, रोहिणीतून सदतीस अंशांचे रक्त पराकडे निघाले आहे आणि पराच्या कातडीजवळून गार होऊन आलेले एकोणतीस अंशांचे रक्त नीलेतून परत येते आहे. दोन्ही नळ्या एकमेकींना चिकटलेल्या आहेत. दोन्हींतले प्रवाह एकाच दिशेने वाहत असते तर शेवटी दोन्हींचे तापमान मधे, तेहतीस अंशांवर येऊन थांबले असते. म्हणजे अर्धीच उष्णता वाचली असती. पण इथे प्रवाह उलट दिशांना आहेत. रोहिणीतले रक्त जसजसे पुढे जाऊन गार होते, तसतसे त्याला आणखी गार नीलेचे रक्त भेटते. आणि नीलेतले रक्त जसजसे तापत शरीराकडे येते, तसतसे त्याला आणखी गरम रोहिणी भेटते. कुठेही पाहिले तरी दोहोंत थोडा फरक शिल्लक असतोच, त्यामुळे उष्णतेची देवघेव शेवटपर्यंत चालू राहते. रोहिणीतले रक्त पराच्या टोकाला पोहोचेपर्यंत तिशीच्या आसपास आलेले असते आणि नीलेतले रक्त शरीरात शिरताना जवळजवळ छत्तीस अंशांचे झालेले असते. परात रक्त गेले, प्राणवायू पोहोचला, पण उष्णता वाटेतूनच घरी परतली. याला प्रतिप्रवाह देवघेव म्हणतात. बदकाच्या पायात हीच युक्ती असते. माशाच्या कल्ल्यांतही असते, फक्त तिथे उष्णतेऐवजी प्राणवायूची देवघेव होते. दहावीच्या पुढच्या विद्यार्थ्यांना हे तीनही एकत्र शिकवावे असे आम्हाला वाटते.

ही झाली बंद खिडकी. उघडायची असेल तेव्हा काय होते? अंग तापले की परातली रोहिणी रुंदावते, तिच्यातून जास्त रक्त वाहू लागते. फुगलेली रोहिणी भोवतीच्या नीलांना दाबते. परतीच्या रक्ताला ती वाट अरुंद झाली की ते दुसऱ्या वाटेने, अगदी कातडीलगतच्या नीलांमधून परतते. तिथे पाण्याचा गार हात लागतो आणि उष्णता समुद्रात जाते. मज्जासंस्थेचे नियंत्रण यात असतेच, पण रचनाच अशी आहे की गरम रक्त जास्त आले की आतली वाट आपोआप आवळली जाते.

रक्तवाहिन्या आवळून उष्णता वाचवणे आपल्यालाही जमते. बर्फातली मासळी निवडणाऱ्या बायकांची बोटे पाहा. आधी ती पांढुरकी पडतात, कारण कातडीकडचे रक्त आटते. हात बर्फातून काढून थोडा वेळ गेला की तीच बोटे लालबुंद होतात. डॉल्फिनच्या परात याच्याच जोडीला दोन वेगळ्या परतवाटा आहेत.

प्रतिप्रवाहाचा प्रयोग करताना आमची एकदा फजिती झाली. आम्ही प्लास्टिकच्या दोन नळ्या चिकटपट्टीने बांधल्या, एकीतून गरम आणि दुसरीतून गार पाणी सोडले. काहीच फरक पडेना. प्लास्टिकमधून उष्णता जाईपर्यंत पाणी निघूनही जात होते. मग फ्रिज दुरुस्त करणाऱ्याकडून तांब्याच्या बारीक नळीचे हातभर लांबीचे दोन तुकडे आणले, एकमेकांना तारेने घट्ट बांधले, वरून फडके गुंडाळले आणि पाण्याची धार अगदी बारीक ठेवली. आधी दोन्ही प्रवाह एका दिशेने सोडा, मग उलट दिशांनी, आणि दोन्ही नळ्यांतून बाहेर पडणाऱ्या पाण्याचे तापमान मोजा. फरक लगेच लक्षात येतो.

पोटातल्या नाजूक जागा

आता जरा अवघड जागी येऊ. बहुतेक सस्तन प्राण्यांत शुक्राणू तयार व्हायला शरीरापेक्षा दोन-तीन अंश कमी तापमान लागते, म्हणून वृषण शरीराबाहेर असतात. नववी-दहावीच्या वर्गात हे सांगताना आपण घाईने पुढचे पान उलटतो, पण मुलांच्या लक्षात येतेच. डॉल्फिनचे वृषण मात्र पोटात असतात. पाण्यातून सरसर जायला शरीर गुळगुळीत हवे, बाहेर काही लोंबून चालत नाही. म्हणजे ते आहेत गोधडीच्या आत, आणि तेही पोहण्याच्या मोठमोठ्या स्नायूंना खेटून, शरीरातल्या सर्वांत तापणाऱ्या जागी.

१९९२ मध्ये रोमेल, पॅब्स्ट आणि मॅक्लेलन या अमेरिकी शास्त्रज्ञांनी याचे कोडे उलगडले. पाठीच्या परात आणि शेपटीत गार झालेले सगळे रक्त हृदयाकडे जात नाही. कातडीलगतच्या नीलांमधून ते थेट पोटात येते आणि तिथल्या नीलांच्या जाळ्यात पसरते. या जाळ्याला चिकटूनच वृषणाकडे जाणाऱ्या रोहिण्यांचे जाळे असते. पुन्हा प्रतिप्रवाहच, पण या वेळी उष्णता वाचवण्यासाठी नव्हे तर गारवा पोहोचवण्यासाठी. एकच रचना, तापमान कुठून कुठे जाते त्यावर तिचे काम बदलते! पुढे डॉल्फिनच्या मोठ्या आतड्यात तापमापकांची मालिका सरकवून मोजणी झाली. वृषणांजवळच्या भागात तापमान पुढच्या आणि मागच्या भागांपेक्षा कमी भरले. नवलाची गोष्ट म्हणजे जोरात पोहून आल्यावर ते वाढण्याऐवजी आणखी उतरले. स्नायू तापले की परांकडे रक्त जास्त जाते, तिथून गार रक्तही जास्त परतते.

मादीमध्ये गर्भाशयाजवळ याच प्रकारची रचना आहे. गर्भ स्वतः उष्णता निर्माण करतो आणि त्याला ती बाहेर टाकायला स्वतःची खिडकी नसते. आईच्या शेपटीतला गारवा त्याच्यापर्यंत आणला जातो.

फळ्यावरच्या सीलकडेही एकदा वळून पाहू. खऱ्या सीलचे, म्हणजे ज्याला बाहेरून कानाची पाळी दिसत नाही त्याचे, वृषणही शरीराच्या आतच असतात, आणि त्याच्यात हे गार रक्त मागच्या परांतून येते. डॉल्फिन आणि सील हे जवळचे नातेवाईक नाहीत. एकाचे पूर्वज खूर असलेल्या प्राण्यांपैकी, दुसऱ्याचे मांसभक्षकांपैकी. दोघे वेगवेगळ्या काळी समुद्रात उतरले आणि दोघांना एकाच अडचणीवर एकसारखाच तोडगा सापडला.

हवाई बेटांच्या किनाऱ्यांवर, उष्ण कटिबंधात, मंक सील नावाचे सील राहतात. त्यांची अडचण डॉल्फिनपेक्षा मोठी आहे, कारण ते विश्रांतीसाठी किनाऱ्यावर येतात. पाण्यातून बाहेर आल्याबरोबर पाण्याचा गार हात सुटतो आणि वरून ऊन लागते. चरबी तर सर्वांगावर असतेच. हे सील भर दुपारी सहसा भरतीच्या रेषेजवळच्या ओल्या वाळूवर पडून असतात किंवा झुडपांच्या सावलीला सरकतात, आणि जास्तच झाले तर पाण्यात जातात. हालचाल कमीत कमी. म्हणजे तिथे रक्तवाहिन्यांच्या करामतीपेक्षा वागणुकीवर भिस्त जास्त. याच कुळातला कॅरिबियन समुद्रातला सील शिकारीमुळे नामशेष झाला. १९५२ नंतर तो कोणाला खात्रीने दिसलेला नाही.

किनाऱ्यावर अडकलेला प्राणी

सील पाण्याबाहेर येतो तो स्वतःच्या पायांनी, नव्हे परांनी, आणि परतही जाऊ शकतो. डॉल्फिन किंवा देवमासा एकदा वाळूत रुतला की त्याला परतता येत नाही. नोव्हेंबर २०२३ मध्ये गणपतीपुळ्याच्या किनाऱ्यावर देवमाशाचे सुमारे वीस फूट लांबीचे पिल्लू जिवंत अडकले. वनविभाग, पोलीस, गावकरी, पर्यटक असे सगळे जण जवळजवळ दोन दिवस राबत होते. ओली कापडे अंगावर टाकली जात होती, पाणी ओतले जात होते. अखेर त्याला समुद्रात नेऊन सोडले, पण ते वाचले नाही.

दूरदर्शनवर ते दृश्य पाहणाऱ्या अनेकांना वाटले असेल की पाणी ओतायचे ते कातडी सुकू नये म्हणून. तेही खरे आहे. पण मुख्य धोका अंग तापण्याचा असतो. एवढ्या मोठ्या प्राण्याचे आकारमान पृष्ठभागाच्या मानाने प्रचंड असते. एक सेंटिमीटर बाजूच्या घनात प्रत्येक घन सेंटिमीटरमागे सहा चौरस सेंटिमीटर पृष्ठभाग असतो. बाजू दहा सेंटिमीटर केली की तो ०.६ उरतो. घरी लहान बटाटा आधी गार होतो आणि मोठा हात भाजतो, तसेच. त्यात चरबीचा थर, त्यात हवेची मंद उष्णतावाहकता. पर उघड्या खिडक्यांसारखे सताड असले तरी बाहेर उष्णता नेणारे पाणीच नाही. स्वतःच्या वजनाने छाती दाबली जाते, घाबरलेला प्राणी धडपडतो, धडपडीने आणखी तापतो. जानेवारी २०१६ मध्ये जुहूच्या किनाऱ्याला प्रचंड देवमासा मृतावस्थेत लागला होता. अशा कलेवरात कुजण्याची उष्णताही चरबीच्या आत कोंडून राहते, त्यामुळे ते आतून फार लवकर सडते.

दांड्याच्या मुलांना आम्ही यातून निघणाऱ्या काही गोष्टी सांगितल्या, कारण असा प्राणी सर्वांत आधी त्यांच्याच घरच्या माणसांना दिसणार. पाणी ओतायचे ते सर्वांगावर, पण परांवर आणि शेपटीवर विसरू नये, कारण उष्णता तिथूनच सर्वांत लवकर निघते. ओले फडके टाकावे, पण डोक्यावरचे श्वासाचे छिद्र झाकू नये आणि त्यात पाणीही जाऊ देऊ नये. साडी, ताडपत्री, काही असेल त्याची सावली धरावी. शेपटीला धरून ओढू नये. गर्दी हटवावी आणि लगेच वनविभागाला किंवा त्याच्या कांदळवन कक्षाला कळवावे. एका मुलीने विचारले, “बर्फ ठेवला तर?” कोळीवाड्यात बर्फाला तोटा नाही, म्हणून प्रश्न रास्त होता. पण बर्फ नको. बर्फ लावल्या जागी रक्तवाहिन्या आवळतात, म्हणजे आपण हाताने खिडकी बंद केल्यासारखे होते. समुद्राचे साधे पाणी सतत ओतत राहणे बरे.

जाळ्यात अडकलेल्या डॉल्फिनची गोष्ट वेगळी, तो गुदमरून मरतो. जाळे कापून संरक्षित प्राण्याला सोडले तर जाळ्याच्या नुकसानीपोटी पंचवीस हजार रुपयांपर्यंत भरपाई देण्याची योजना महाराष्ट्र शासनाने २०१८ मध्ये सुरू केली. वर्गात ही माहिती निम्म्या मुलांना आधीच होती, आम्हालाच नव्हती.

एक अंशाची किंमत

त्या मुलाच्या प्रश्नाचे उत्तर इथवर येऊन बरेचसे मिळते. उकडते, पण त्याला ते समुद्रात टाकता येते. अट एवढीच की समुद्र शरीरापेक्षा पुरेसा गार हवा. उष्णता बाहेर जाण्याचा वेग तापमानांतील फरकावर अवलंबून असतो. दहा अंशांच्या पाण्यातल्या प्राण्यासाठी हा फरक सत्तावीस अंशांचा आहे. ते पाणी अकरा अंशांचे झाले तर फरक सत्ताविसाचा सव्वीस होतो, फारसे बिघडत नाही. आपल्याकडे मे महिन्यात पाणी तीस अंशांचे, फरक फक्त सात. ते एकतीस झाले तर साताचे सहा. म्हणजे एकाच अंशाने सातवा हिस्सा कमी! फ्लोरिडातल्या डॉल्फिनच्या पाठीच्या पराचे तापमान दूरवरून अवरक्त कॅमेऱ्याने मोजले तेव्हा ते पाण्यापेक्षा सरासरी जेमतेम एक अंशाने जास्त होते. पराच्या पृष्ठभागी इतक्या थोड्या फरकावर हा व्यवहार चालतो. अरबी समुद्राचे पाणी गेल्या काही दशकांत तापत आले आहे, हे मोजमापांवरून दिसते. उष्ण समुद्रातला प्राणी उकाड्याला सरावलेला असणार, त्याला एका अंशाने काय होते, असे म्हणणाऱ्यांनी हे साधे गणित करून पाहावे.

यात आणखी एक भर आहे. डॉल्फिन बुडी मारतो तेव्हा प्राणवायू वाचवण्यासाठी त्याच्या हृदयाचे ठोके मंदावतात आणि परांकडचे रक्त कमी केले जाते. म्हणजे खोल असताना खिडक्या बंद असतात. साठलेली उष्णता तो वर आल्यावर, श्वास घेताना आणि पृष्ठभागाजवळ सावकाश तरंगताना टाकतो, असे पाळीव डॉल्फिनवरील मोजणीत आढळले आहे. वर येऊन निवांत तरंगण्याचा तो वेळ म्हणूनच फुकट नसतो. कोकणात ‘डॉल्फिन दाखवतो’ म्हणून पर्यटकांच्या होड्या नेमक्या याच वेळी त्यांच्यामागे लागतात. डॉल्फिन पुन्हा बुडी मारून पळतो, म्हणजे खिडक्या बंद करून आणखी तापतो. सहलीला मुले घेऊन जाणाऱ्या शिक्षकांनी होडीवाल्याला इंजिन बंद करून लांब थांबायला सांगावे, असे आमचे मत आहे. असे थांबले तर डॉल्फिन अधिक वेळ दिसतात, हे जुने खलाशीही सांगतात.

पुढच्या तासाला हे सगळे त्या मुलाला सांगून झाले. तो म्हणाला, “पण सर, पाठीवर पर नसलेला पण असतो ना? बाबांच्या जाळ्यात एकदा तसला आला होता.” परविहीन पॉरपॉइज! हा प्राणी दीड मीटरच्या आसपास लांबीचा, म्हणजे कुबडाच्या डॉल्फिनपेक्षा बराच लहान. खिडक्यांपैकी एक त्याच्याकडे नाहीच. फळ्यावर आम्ही पुन्हा दोन घन काढले, एक लहान, एक मोठा, आणि खडू मुलांच्या हाती दिला. थोड्या वेळाने पहिल्या बाकावरून उत्तर आले की लहान घनाची भिंतच आकारमानाच्या मानाने मोठी आहे, त्यामुळे एक खिडकी कमी असली तरी त्याचे भागत असेल. आणि शेपटीची पाती व पुढची वल्ही तर त्याच्याकडेही आहेतच.